ताउवूने नेलेला डबा

रविवार, १ जून

आमच्या तोडणीच्या टोळीतल्या मानोआच्या मानेवर पुन्हा गळू आलंय. प्रार्थनेला बसला तेव्हा मान एका बाजूला आणि देव दुसऱ्या बाजूला. जेवणं झाल्यावर मी डबा काढला आणि त्याला लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या. मागच्या हंगामात याच कॅप्सूलनी त्याचं गळू झटक्यात बसलं होतं. यंदा एकदा देऊन झाल्या, तरी मेलं हलायला तयार नाही. हल्ली औषधांतसुद्धा भेसळ करत असणार.

डबा तसा बिस्किटांचा आहे, निळ्या पत्र्याचा. संत्री तोडायला या बागेत आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा गावाहून बरोबर आणलेला. तेव्हापासून नियम एकच. कुणाला डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं की त्याने बरं वाटेपर्यंत घ्यायचं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायच्या. पुढचा आजारी पडला की त्याला. पाकिटावर लिहिलेलं असतं, 'सगळ्या गोळ्या संपवा'. लिहिणाऱ्याला गाव नसावं, नात्यागोत्याची माणसं नसावीत. आपल्याला बरं वाटत असताना शेजारी कण्हतोय आणि आपण गोळ्या गिळत बसायचं, हे मला नाही जमणार. गावात कुणी 'केरेकेरे' म्हणून हात पुढे केला की आपण नाही म्हणत नाही. फिजीहून विमानात बसलो म्हणून काय हात आखडता घ्यायचा?

केलेपी परवाच गावाहून परत आलाय. काकांच्या मयतीला गेला होता. गावात पूर येऊन टाकी फुटली, मयतीच्या दिवसांत सगळे ओढ्याचंच पाणी प्यायले म्हणे. हे मला तोकासाने सांगितलं. केलेपी माझा सख्खा धाकटा भाऊ, पण मी त्याच्याशी बोलत नाही आणि तोही माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही. त्याला मिसरूड फुटलं त्या वर्षी आमचं बोलणं थांबलं, रीतीप्रमाणे. सुवा शहरात राहणारे ही रीत पाळत नाहीत, त्यांचं त्यांना लखलाभ. आम्ही पाळतो. माझ्या भावासारखा मान ठेवणारा भाऊ अख्ख्या टोळीत नाही. मी दिलेली वस्तू त्याने आजवर कधी नाकारलेली नाही.

तोकासाने आज माझे नवे लोकरीचे मोजे उचलले. पायात घालून सगळ्यांसमोर म्हणाली, "बेडकाला कशाला हवेत मोजे?" मी म्हटलं, "घाल, तुझ्या पायांचा वास तेवढाच आत राहील." सगळे खो खो हसले. ती माझी ताउवू आहे. तिच्या बेटाचा आणि माझ्या बेटाचा मूळपुरुष एक, त्यामुळे ती मला बेडूक म्हणणार, मी तिला उंदीर म्हणणार, ती माझी वाटेल ती वस्तू न विचारता उचलणार, मी तिची उचलणार, आणि रागवायचं कुणीच नाही. परमुलखात अशी एक बाई जवळ असली की थंडी कमी वाजते.

गुरुवार, ५ जून

केलेपीला ताप आहे. तोडणी करताना झोळी दोनदा खाली ठेवून बसला. लांबून बघितलं, चेहरा उतरलाय.

आईच्या माघारी मी त्याला पाठीवर घेऊन फिरलेय. आता त्याच्या कपाळाला हात लावता येत नाही याचं मला एरवी काही वाटत नाही, आज वाटलं.

तोकासाबरोबर कॅप्सूल पाठवल्या. ती म्हणाली, "या कशाच्या आहेत?"

"तापाच्या."

"या तर मानोआच्या गळवाच्या."

"गळू काय नि ताप काय, जंतूच ना."

ती काहीतरी बोलणार होती, मग गेली. केलेपीने माझ्या दिशेने मान झुकवून गोळी घेतली, ते मला खिडकीतून दिसलं.

दवाखान्यात न्यावं का, असा विचार एकदा मनात आला. पण दवाखाना म्हणजे क्रेगला कळणार. क्रेग आमचा मुकादम, तो शहरातल्या कार्यालयाला कळवणार. पलीकडच्या बागेतल्या एका टोळीत असाच कुणी आजारी पडला आणि पुढच्या वर्षी त्या गावाला बोलावणंच आलं नाही, असं ऐकलंय. आमच्या गावचं यंदाचं शाळेचं छप्पर या बागेच्या जिवावर आहे. पहिल्यांदाच टोळीची म्होरकी म्हणून बाईला पाठवलंय, आणि गावातले चार म्हातारे मी तोंडावर पडायची वाट बघत बसलेत.

सोमवार, ९ जून

ताप उतरला. मी तोकासाला म्हटलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघितलं." केलेपी आज झाडावर चढला आणि गाणंसुद्धा म्हणत होता. थोड्या कॅप्सूल उरल्या, त्या मी परत मागवून डब्यात टाकल्या. संध्याकाळी मानोआने मागितल्या, दिल्या.

काल रविवारचं जेवणही केलेपीनेच केलं. कसावाचे कंद, नारळाच्या दुधातला मासा. त्याच्या हाताची चव आमच्यात कुणालाच नाही.

शनिवार, १४ जून

ताप परत आला, आणि आधीपेक्षा जास्त. डोकं धरून पडलाय. खात नाही.

डब्यात पांढऱ्या लांबट गोळ्या आहेत, गेल्या वर्षी कुणाच्या तरी लघवीच्या त्रासाच्या. तगड्या आहेत असं ऐकलंय. तोकासाच्या हातात ठेवल्या तर ती जागची हलेना.

"वासिती, याला डॉक्टरकडे नेऊ या."

"नेऊ. सोमवारपर्यंत बघू."

"मागच्या सोमवारीही तू 'बघितलंस?' म्हणत होतीस."

"टोळीची म्होरकी कोण आहे, तू का मी?"

"तू," ती म्हणाली. "म्हणूनच तुला सांगतेय, नाहीतर क्रेगलाच सांगितलं असतं."

असलं बोलणं ताउवूच्या थट्टेत बसत नाही. गोळ्या तिने नेल्या. केलेपीने मान झुकवून घेतल्या.

त्याच्या पोटाचं काय, शौचाला होतंय का, हे मला कळायला हवं. पण बहिणीने भावाचं पोट विचारायचं नाही, दुसऱ्याकरवीही नाही. तोकासा आपणहून सांगायला लागली तेव्हा मी कानावर हात ठेवले. तिने माझ्याकडे विचित्र बघितलं.

मंगळवार, १७ जून

आज तो झाडाखाली कोसळला. शिडीवर नव्हता हे देवाचे उपकार. क्रेगच गाडी घेऊन धावत आला आणि आम्हाला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेला. मी पुढे बसले, मागे केलेपी तोकासाच्या मांडीवर डोकं ठेवून. वाटेत क्रेग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, आजच झालंय.

डॉक्टर बाई आहे, हॅलरन नावाची. केस पिकलेले, पायात धावायचे बूट. कुठून आलात, अलीकडे कुठे गेला होता, पाणी कुठलं प्यायला, सगळं विचारलं. ते सगळं मी खरं खरं सांगितलं. मग तिने विचारलं, "गेल्या काही दिवसांत कुठली गोळी? अँटिबायोटिक? घरचं, दुसऱ्याचं, काहीही?"

क्रेग दारात उभा होता.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

ती केलेपीकडे वळली. त्याने डोळे मिटून घेतले. बहिणीने दिलेलं उत्तर भाऊ खोडणार कसा. तोकासा भिंतीकडे बघत होती.

शुक्रवार, २० जून

हॅलरनबाईने बाहेर बोलावून समजावलं. तिला टायफॉइडची शंका होती. फिजीहून आलेला, पुराचं पाणी, ताप, पोट, सगळं जुळतंय. पण रक्त दोनदा तपासलं, त्यात जंतू उगवतच नाहीत. "औषध घेतलेलं असतं तर गोष्ट वेगळी," ती म्हणाली. "अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, नुसता लपतो. पण यांनी काहीच घेतलेलं नाही, तेव्हा जंतू दिसायलाच हवा होता. म्हणून आम्ही आता पित्ताशय आणि अपेंडिक्सकडे बघतोय, आणि काही दुसरे ताप."

मला हायसं वाटलं. टायफॉइड नाही म्हणजे सुटलो. टायफॉइड निघाला असता तर अख्ख्या टोळीला घरी धाडलं असतं.

परत येऊन खोल्यांपाशी उतरल्यावर तोकासा म्हणाली, "बाई काय म्हणाली ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. टायफॉइड नाही."

"वासिती."

"काय?"

"तिला डबा दाखव."

मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि बजावून सांगितलं. डब्याचं नाव बाहेर काढायचं नाही. काढलं तर नुसती मी जाणार नाही, पुढची सगळी वर्षं जातील, शाळेचं छप्पर जाईल, तुमच्या पोरांची पाळी कधीच येणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोकासानेसुद्धा. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून खात्रीने सांगते, डोलावली.

रविवार, २२ जून

सकाळची प्रार्थना केलेपीसाठी केली. सगळ्यांचे चेहरे पडलेले. मग जेवणाच्या वेळी तोकासा उठली, फुलाफुलांचा सुलू लुंगीसारखा कमरेला खोचला आणि नाचतच माझ्या खोलीत शिरली. बाहेर आली ती डबा डोक्यावर घेऊन. "बेडकाचा खजिना लुटला रे!" असं ओरडत अंगणभर नाचली. गावात लग्नामयतीला ताउवू येतात आणि कोंबड्या, पातेली, चटया पळवून नेतात, तसंच अगदी. कितीतरी दिवसांनी सगळे हसले. मानोआला तर ठसका लागला. मीही हसले. म्हटलं, "ने ने, उंदराच्या बिळात पत्र्याचा महाल!" ती डबा घेऊन तशीच फाटकाबाहेर गेली. मला वाटलं, एक चक्कर मारून परत येईल. ही पोरगी म्हणजे औषध आहे, असं मनात आलं. बरं वाटलं.

संध्याकाळ. वरचं लिहिलं तेव्हा मी हसत होते, म्हणून ते खोडत नाही. माझं मला वाचता यावं.

ती फाटकावरून थेट हमरस्त्याला गेली, येणाऱ्या गाडीला हात केला आणि इस्पितळात पोहोचली. डबा हॅलरनबाईच्या टेबलावर ठेवला आणि उघडला. कुठल्या गोळ्या दिल्या, कधी दिल्या, कधी थांबवल्या, मी काय म्हणाले, सगळं सांगितलं. बाईनेच क्रेगला फोन केला. क्रेग इथे आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं, "डबा होता?" त्याच्या मागे गाडीतून तोकासा उतरत होती. अजून तोच फुलाफुलांचा सुलू.

केसाने गळा कापला माझा. दुसरा शब्द नाही. भांडून नेला असता तर मी हिसकावून घेतला असता. मागितला असता तर नाही म्हटलं असतं. तिने नेमकी अशी रीत निवडली की मला हातही धरता येऊ नये आणि रागावताही येऊ नये. आणि मी टाळ्या वाजवत होते.

मी तिला एवढंच विचारलं, "मान का डोलावलीस?"

ती म्हणाली, "तू बघत होतीस म्हणून."

सोमवार, २३ जून

पहाटे केलेपीच्या आतड्याला भोक पडलं. पोट चिरलं. अजून शुद्धीवर नाही.

मी लिहू शकत नाही.

गुरुवार, २६ जून

जगणार म्हणतात. औषध बदललंय. विष्ठेत जंतू सापडला, टायफॉइडच निघाला.

आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, कारण रविवारी जेवण तोच करत होता. विष्ठेच्या नमुन्यासाठी डब्या हातात देऊन रांगेत उभं केलं, बायका पुरुष एका रांगेत. अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणखी दोघांना सापडला. त्यांचं औषध सुरू झालं. नर्स रोज समोर उभी राहून गिळायला लावते.

टोळीला घरी पाठवलेलं नाही. क्रेगला मी विचारलं, कधी पाठवणार? तो म्हणाला, "आजारी पडल्याबद्दल कुणाला घरी पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही. तुला कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं ते मला आठवेना. सगळेच म्हणायचे. पण क्रेगचं गोड बोलणं मी ओळखून आहे, पुढच्या वर्षी बोलावणं येईल तेव्हा खरं.

आणि मग त्याने माझं म्होरकेपण काढलं. तोकासाला दिलं. मी वाट बघत होते, ती नको म्हणेल. निदान माझ्यासमोर एकदा तरी म्हणेल. ती म्हणाली, "ठीक आहे." म्हणजे हे होतं तर. मोजे, मग डबा, मग जागा. ताउवूपणाला एवढा मोठा खिसा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

गावाहून फोन आला, तो तिने घेतला.

मंगळवार, १ जुलै

हॅलरनबाईने मला खोलीत बोलावलं. डबा तिथेच होता. गोळ्या ताटलीत पसरल्या होत्या, रंगीत मण्यांसारख्या. तिने काडीने एकेक बाजूला केली. ही लघवीची. ही घशाची. ही मुदत संपलेली. ही रक्तदाबाची. ही एक बागेच्या कुत्र्याची, जंतांची. मला हसू आलं नाही.

ती ओरडली नाही, त्यामुळेच जास्त लागलं. म्हणाली, "जंतू साधा होता. पहिल्या दिवशी योग्य औषध, योग्य प्रमाणात, पूर्ण दिलं असतं तर घरी बसून बरा झाला असता. थोडं थोडं दिलंत, म्हणून तो लपला. आणि पहिल्याच दिवशी मला खरं सांगितलं असतंत तर बहुतेक पोट चिरावं लागलं नसतं."

"मी चोरून काही केलं नाही," मी म्हटलं. "जे होतं ते वाटून दिलं."

"हो, वाटलंत," ती म्हणाली. "मानोआच्या गळवावर हे औषध आता चालत नाही. आम्ही तपासलं. त्याच्या अंगावरचा जंतू त्या कॅप्सूलना सरावलाय. तो कुणाच्या जखमेत गेला तर तिथेही त्या चालणार नाहीत. तेही तुमच्यात वाटलं गेलंय."

मग भेसळ नव्हती तर.

बाहेर पडले तर बाकावर तोकासा बसलेली, माझ्यासाठी गाडी घेऊन आलेली. पुढच्या दाराशी उभी राहिली. मी मागे बसले. वाटेत म्हणाली, "मी माफी मागणार नाही. ताउवू चोरीची माफी मागत नाही." मी खिडकीतून बाहेर संत्री बघत बसले.

तिने मला एकटीला गाठून म्हणायला हवं होतं, वासिती, मी सांगणार आहे. तिने म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. तरी म्हणायला हवं होतं.

रविवार, ६ जुलै

केलेपीला बघायला गेले. त्याला आता बसता येतं. रीतीप्रमाणे मी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि पाठ करून बसले. आणलेला फणसाचा तुकडा मागच्या मागे सरकवला. नेहमी तोकासा मध्ये असते, दोघांची बोलणी इकडून तिकडे पोचवते. आज कुणीच नव्हतं. मी तिला बरोबर आणलंच नव्हतं.

मग मागून आवाज आला.

"ताई."

मला वाटलं, दुसरं कुणी आहे. त्याचा मोठेपणीचा आवाज असा माझ्या दिशेने मी कधी ऐकलेला नव्हता.

"ताई, तोकासावर राग धरू नकोस. डबा मी न्यायला सांगितला."

मी वळले नाही. तो बोलत राहिला. थांबत, दम खात.

"पहिल्या दिवसापासून कळत होतं, या गोळ्या माझ्या नाहीत. पण तुझ्या हातची वस्तू मी नको म्हणणार कसा? आणि तुझ्याशी बोलायचं नाही. डॉक्टरने विचारलं तेव्हा तू आधीच नाही म्हणालीस. मग मी करायचं तरी काय होतं? तोकासाला म्हटलं, मला मरायचं नाही, तूच काहीतरी कर, पण ताईला तिच्या तोंडावर खोटं पाडू नकोस. ती रडायला लागली. म्हणाली, मग नाचतच न्यावा लागेल."

मी उठले आणि बाहेर आले. त्याच्याकडे बघितलं नाही.

म्हणजे त्याने मान झुकवून गोळ्या घेतल्या त्या प्रत्येक वेळी मला वाटत होतं की हा मान आहे. आणि तो आत म्हणत होता, नको. इतक्या वर्षांनी भाऊ बोलला आणि त्याचं पहिलं बोलणं हे निघालं. तोकासाने फसवलं याचं दुःख निदान तोकासावर ढकलता येत होतं. हे कुणावर ढकलू? आमच्या रीतीवर? की माझ्या हातावर, जो मीच पुढे करत होते? आज माझा सगळ्यांवर राग आहे. प्रार्थनेला गेले नाही.

शनिवार, १२ जुलै

केलेपीला आणलं. बारीक झालाय, सुलू दोनदा गुंडाळावा लागतो. बरोबर गोळ्यांची पाकिटं आहेत, सकाळी एक, संध्याकाळी एक, संपेपर्यंत. घरी आल्याचा आनंद म्हणून तो पोटभर सूप प्यायला. चेहऱ्यावर रंग आला.

दुपारी मी त्याच्या दाराबाहेर कसावा सोलत बसले होते, पाठ आत करून. मानोआ आला. त्याच्या गळवावर आता पट्टी आहे, इस्पितळाचं मलम आहे, पण सवय जाते कुठे.

"केलेपी, तू तर ठणठणीत दिसतोस रे."

"बराय आता."

"माझं हे बघ, रात्रभर ठणकतंय. त्यातल्या थोड्या दे ना. केरेकेरे."

आतून उशीखालून पाकीट ओढल्याचा चुरचुर आवाज मला ऐकू आला. तो देणारच होता. मागितलं की नाही म्हणायचं नाही, हे त्याला शिकवलं कुणी? मीच. पाठीवर घेऊन फिरत होते तेव्हापासून.

मी सुरी खाली ठेवली आणि वळले. दारातून सरळ त्याच्याकडे बघितलं. त्याच्या भुवया आमच्या आईसारख्या झाल्यात, हे मला माहीतच नव्हतं.

"केलेपी," मी म्हटलं. "एकही द्यायची नाही. पाकीट संपेपर्यंत तुझं तूच."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाकीट परत उशीखाली गेलं.

मानोआ तर घाबरलाच. आधी मी भावाशी बोलले म्हणून, मग केरेकेरेला नाही म्हटलं म्हणून. "वासिती, केरेकेरे म्हटलं मी," तो म्हणाला, जणू मला ऐकूच गेलं नव्हतं.

"ऐकलं. ठणकतंय तर उद्या इस्पितळात जा. म्होरकीला सांग, गाडी मागवेल. ती काही फुकट म्होरकी झालेली नाही."

तो गेला, तोंड पाडून. आता गावात पोचेल, वासिती बदलली. पोचू दे.

मग मला गोळीच्या वेळेची काळजी लागली. केलेपी झोपला की भूकंप झाला तरी उठत नाही, आणि सकाळी तोडणीच्या गडबडीत मीही विसरेन. तोकासाकडे एक गजराचं घड्याळ आहे. जुन्या बाजारातलं, वर पत्र्याची कोंबडी, वाजलं की चोच मारते. तिचा त्याच्यावर भारी जीव, कुणाला हात लावू देत नाही. मी तिच्या खोलीत शिरले आणि सगळ्यांच्या देखत ते उचलून बाहेर आणलं. नाचले बिचले नाही.

ती चुलीपाशी होती. "अगं ए बेडके," म्हणत उठली, आणि माझा चेहरा बघून थांबली. अंगणात सगळे गप्प. ताउवूने उचललं की हसायचं असतं. ती हसली. डोळ्यांना सुलूचं टोक लावून हसत राहिली, बराच वेळ.

"कशाला हवंय ते तरी सांग."

"गोळीसाठी."

"मग ने. सहाला लाव, ते दहा मिनिटं मागे चालतं." आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "रागावली नाहीस ना?"

"ताउवूवर रागावता येत नाही," मी म्हटलं.

हे तिला म्हटलं. इथे खरं लिहिते. मी रागावलेय, आणि अजून पुष्कळ दिवस रागावणार आहे. तिने मला हसवत हसवत लुटलं आणि माझा भाऊ वाचवला. या दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या, याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. घड्याळ मात्र परत देणार नाही. उद्या कोंबडी ओरडली की मी त्याच्या दारात जाऊन उभी राहीन, तोंड आत करून, आणि तो माझ्याकडे बघत गोळी गिळेल.